अर्धवट सोडलेलं पुस्तक कुठलं, ते आधी सांगा

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की क्राइम आणि थ्रिलरमधलं नवं काय वाचावं, कशाची वाट बघावी, ते बिनधास्त विचारा. फक्त एक अट टाकली होती. आवडलेल्या पुस्तकांची यादी पाठवायची नाही, अर्धवट सोडलेलं पुस्तक सांगायचं आणि का सोडलं तेही सांगायचं. आवडलेल्यांची यादी सगळ्यांची साधारण सारखीच असते हो, तीच पाचसहा नावं, त्यावरून काही कळत नाही. माणूस पुस्तक कुठे मिटून ठेवतो तिथे त्याची खरी आवड कळते. पत्रं भरपूर आली, काहींनी तर सोडलेल्या पुस्तकावर इतकं रागाने लिहिलंय की मला तीच पुस्तकं वाचावीशी वाटायला लागली. लांबलचक पत्रं कापलीत, रागवू नका.

प्रश्न: ताई, मी झुंजारच्या कथांपासून सुरुवात केलेला माणूस, नंतर शिरवळकर वाचून काढले, आता इंग्रजीतलंही वाचतो. गेल्या दोन वर्षांत सात थ्रिलर सोडली. सगळ्यांत एक बाई असते, ती पिते, तिला नीट आठवत नाही, नवरा फार चांगला वाटतो म्हणजे तोच वाईट, आणि कव्हरवर लिहिलेलं असतं की शेवट वाचून हादराल. मी हादरत नाही, मला झोप येते. काहीतरी वेगळं सांगा.
– एक कंटाळलेला

उत्तर: सात सोडलीत म्हणजे तुम्ही माझ्यापेक्षा सहनशील आहात, मी तीनमध्येच थांबले होते. झालं काय की 2012 ला 'गॉन गर्ल' आलं, 2015 ला 'द गर्ल ऑन द ट्रेन', आणि ही दोन्ही पुस्तकं खरंच चांगली होती, त्यांचा काही दोष नाही. पण ती इतकी खपली की त्यांचा साचाच पडला, आणि मग त्या साच्यातून वर्षानुवर्षं तीच बाई आणि तोच नवरा बाहेर पडत राहिले. तुमचं पत्र दोनदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की तुम्हाला खुनाचा कंटाळा आलेला नाहीये, तुम्हाला त्या कानात कुजबुजणाऱ्या 'मी'चा कंटाळा आलाय. म्हणून तुम्हाला अशी पुस्तकं सांगते ज्यांत तो 'मी' एकतर नाहीच, नाहीतर वेगळ्याच कामाला लावलाय.

पहिलं, जॅनिस हॅलेटचं 'द अपील', 2021 चं. यात कथा सांगणारं कोणी नाहीच. सगळं पुस्तक म्हणजे ईमेल, मेसेज, नोटिसा यांचं एक बाड आहे, ते दोन शिकाऊ वकिलांच्या हातात दिलेलं आहे आणि तेच तुमच्याही हातात आहे. एका छोट्या गावातली हौशी नाटक मंडळी, त्यांच्यातल्या एका कुटुंबातली लहान मुलगी आजारी पडते, तिच्या उपचारासाठी पैसे गोळा करायला लागतात, आणि हळूहळू कोण कोणाला काय लिहितंय आणि काय लिहीत नाहीये ते दिसायला लागतं. त्यात एक नर्स आहे, ती सगळ्यांना लांबच लांब प्रेमळ ईमेल पाठवते आणि तिला उत्तरं मात्र कोणी फारशी देत नाही. तुम्हाला तिची आधी कीव येईल, मग चीड येईल, मग काय येईल ते सांगत नाही.

दुसरं, जपानचा उकेत्सु. हा लेखक चेहऱ्यावर पांढरा मुखवटा घालून आणि आवाज बदलून यूट्यूबवर येतो, खरा कोण ते तो सांगत नाही. त्याचं 'स्ट्रेंज पिक्चर्स' जानेवारी 2025 ला इंग्रजीत आलं आणि पाठोपाठ त्याच वर्षी 'स्ट्रेंज हाउसेस'. पहिल्यात चित्रं आहेत, साधी, कुणीतरी घरी काढलेली वाटतात तशी. तुम्ही ती बघता, काही वाटत नाही, पुढच्या पानावर कोणीतरी त्या चित्रातली एक गोष्ट बोट ठेवून दाखवतो आणि मग तेच चित्र परत बघायची हिंमत होत नाही. दुसऱ्यात घराचा नकाशा आहे, खोल्यांच्या मध्ये एक विनाकारण बंद जागा सोडलेली, बस, तेवढ्यावर पुस्तक उभं आहे. भाषा अगदी सपाट आहे बरं का, साहित्यिक काही शोधू नका. पण तुम्हाला झोप येणार नाही एवढं नक्की.

आणि तिसरं, अँथनी हॉरोविट्झचं 'मॅगपाय मर्डर्स', 2016 चं, म्हणजे तसं जुनं. एक संपादिका रहस्यकथेचं हस्तलिखित वाचते आणि शेवटची प्रकरणंच गायब असतात. पुस्तकात पुस्तक. याच मालिकेतली तिसरी कादंबरी 'मार्बल हॉल मर्डर्स' 2025 ला आलीय, पण तिथून सुरू करू नका, कारण ती आधीच्या गुन्हेगारांची नावं खुशाल घेते.

प्रश्न: मला खुनी नेहमी आधीच कळतो. अर्ध्यापर्यंत आलं की कळतो आणि मग उरलेलं वाचवत नाही. तर असं काही आहे का की ज्यात कळणार नाही?
– आधीच ओळखणारी

उत्तर: एक विचारू का, तुम्हाला कळतो म्हणजे पुराव्यावरून कळतो की 'याच्यावर कोणीच संशय घेत नाहीये म्हणजे हाच' असं करून कळतो? कारण दुसरं असेल तर ते रहस्य सोडवणं नाही, ते लेखकाच्या सवयी ओळखणं झालं. तुमच्यासारख्या वाचकाला तसल्या ट्विस्टवाल्या पुस्तकांत मजा येणारच नाही, तिथे पुरावे नसतातच, शेवटी लेखक खिशातून काहीतरी काढतो आणि तुमच्या तोंडावर मारतो.

तुम्हाला हवंय ते म्हणजे लेखकाने सगळे पत्ते उघडे टाकून खेळलेला डाव. हा खेळ जुना आहे. 1929 ला रोनाल्ड नॉक्स नावाच्या एका इंग्लिश पाद्र्याने, जो स्वतः रहस्यकथा लिहायचा, दहा नियम केले होते. गुप्तहेराला सापडलेला धागा वाचकालाही लगेच दाखवायचा, कोणालाच माहीत नसलेलं विष आणायचं नाही, जुळा भाऊ अचानक काढायचा नाही, आणि मला सगळ्यात आवडणारा नियम म्हणजे गुप्त खोली नाहीतर भुयार एकापेक्षा जास्त नको. एक चालेल! त्याच वर्षी अमेरिकेत एलरी क्वीन या नावाने लिहिणाऱ्या दोन मावसभावांचं पहिलं पुस्तक आलं आणि त्यात शेवटाआधी कथा थांबवून वाचकाला सरळ आव्हान दिलेलं होतं की सगळे पुरावे तुझ्याकडे आलेत, आता सोडव.

इंग्लंड-अमेरिकेत ही पद्धत मागे पडली, जपानमध्ये मात्र तिला नवं पीक आलं. त्याला तिकडे होन्काकु म्हणतात. सोजी शिमादाचं 'द टोकियो झोडियाक मर्डर्स' 1981 चं, त्यात ते आव्हान अगदी तसंच आहे, कथा थांबवून. सुरुवातीची काही पानं कठीण जातील, एका चित्रकाराची विक्षिप्त वही आहे, ग्रहतारे आणि काय काय, पण दम धरा. मग युकितो अयात्सुजीचं 'द डेकॅगॉन हाउस मर्डर्स', 1987 चं. कॉलेजच्या मिस्टरी क्लबमधली मुलं एका ओसाड बेटावर जातात, एकमेकांना एलरी, अगाथा, पो अशाच नावांनी हाक मारतात, आणि एकेक जण कमी व्हायला लागतो. त्यात एक वाक्य आहे. एकच. ते आलं की तुम्ही मागची पानं उलटायला लागणार आणि तेव्हा मला पत्र लिहा की आधीच कळलं होतं का. याच मालिकेतली 'मिल हाउस' आणि 'लॅबरिंथ हाउस' ही इंग्रजीत 2023 आणि 2024 ला आली, म्हणजे वाट बघायला तुमच्याकडे एक आख्खी रांग आहे.

आणि हसत हसत हरायचं असेल तर बेंजामिन स्टीव्हन्सन या ऑस्ट्रेलियन लेखकाचं 'एव्हरीवन इन माय फॅमिली हॅज किल्ड समवन', 2022 चं. निवेदक रहस्यकथा कशा लिहाव्यात यावर पुस्तकं लिहिणारा माणूस, नॉक्सचे नियम पाळायची शपथ घेतो आणि सुरुवातीलाच सांगून टाकतो की मृत्यू कुठल्या कुठल्या पानावर आहेत. पान नंबर देऊन! तरी पण चकवतो.

प्रश्न: मिस्टरी आणि थ्रिलर यात नेमका फरक काय? दुकानात सगळं एकाच शेल्फवर असतं.

उत्तर: सिनेमावाल्या हिचकॉकचं उदाहरण घ्या. टेबलाखाली बॉम्ब आहे हे आपल्याला माहीत नाही आणि तो फुटला तर एक धक्का. माहीत असेल आणि माणसं वर बसून गप्पा मारतायत तर पंधरा मिनिटं जीव मुठीत. थ्रिलर म्हणजे ती पंधरा मिनिटं. मिस्टरी म्हणजे बॉम्ब फुटून गेलाय आणि कोणी ठेवला ते शोधायचंय. बाकी शेल्फचं काय, दोन्ही एकत्र ठेवली की दोन्ही खपतात.

प्रश्न: मला रहस्य प्रचंड आवडतं पण रक्त, चिरफाड, छळ हे वाचवत नाही. विशेषतः सुरुवातीलाच एखाद्या तरुण मुलीचं प्रेत आणि त्याचं चवीने केलेलं वर्णन. मी अशी पाच पुस्तकं पहिल्या प्रकरणातच बंद केली. मैत्रिणी म्हणतात मग तू क्राइम वाचतेसच कशाला. खरंच माझ्यासाठी काही नाही का?
– पहिल्या प्रकरणात थांबलेली

उत्तर: मैत्रिणींना सांगा की अगाथा ख्रिस्तीने सगळी हयात यातच काढली आणि तिच्या पुस्तकांत रक्त शोधावं लागतं. पहिल्या महायुद्धात ती हॉस्पिटलच्या औषधखान्यात काम करायची, विषांची माहिती तिथे झाली, म्हणून तिच्याकडे इतकी माणसं विषाने मरतात. तेव्हा क्राइम वाचायला पोट घट्ट लागतं हे कोणी सांगितलं?

तुम्ही जी पुस्तकं सोडलीत त्यांचा प्रॉब्लेम रक्ताचा नाहीच मुळी, त्यांत मेलेल्या मुलीला माणूस म्हणून काही किंमतच नसते, ती फक्त सुरुवात करून द्यायला मेलेली असते. हे तुम्हाला खटकतंय आणि खटकायलाच पाहिजे.

रिचर्ड ओस्मनची 'थर्सडे मर्डर क्लब' मालिका बहुतेक ऐकली असेल, 2020 पासून सुरू आहे, पाचवं पुस्तक 'द इम्पॉसिबल फॉर्च्यून' सप्टेंबर 2025 ला आलं. निवृत्त लोकांच्या वसाहतीत चौघं म्हातारे दर गुरुवारी जुन्या न सुटलेल्या केसेस काढून बसतात. लोक याला हलकंफुलकं म्हणतात, आणि आहेच, मी कित्येकदा मोठ्याने हसले, पण त्यातल्या एलिझाबेथचा नवरा हळूहळू सगळं विसरत चाललाय आणि तो भाग आला की हसू कुठच्या कुठे जातं. म्हणून एक सूचना, क्रमाने वाचा आणि चौथं पुस्तक प्रवासात वाचू नका, लोक बघतात.

थोडं गंभीर हवं असेल तर केइगो हिगाशिनोचं 'द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स'. खून सुरुवातीलाच होतो, तुमच्या डोळ्यांसमोर, कोणी केला आणि का केला ते स्वच्छ दिसतं, आणि करणारीबद्दल तुम्हाला सहानुभूतीच वाटते. मग शेजारी राहणारा एक गणिताचा शिक्षक ते लपवायला मदत करतो. पुढचं सगळं पुस्तक म्हणजे दोन हुशार डोक्यांचं बुद्धिबळ, एक लपवणारा आणि एक शोधणारा, आणि दोघं एकेकाळचे कॉलेजचे मित्र. एवढं सगळं माहीत असूनही शेवटी काहीतरी राहिलेलं असतं. मी ते संपवून दोन दिवस दुसरं काही वाचू शकले नाही, आणि ते रक्ताने नव्हे, प्रेमाने. हे मी जरा जास्तच सांगितलं.

आणि वसीम खानची पर्सिस वाडिया. 'मिडनाइट अ‍ॅट मलबार हाउस', 2020. स्वातंत्र्यानंतरची नुकतीच काही वर्षं झालेली मुंबई, देशातली पहिली महिला पोलीस इन्स्पेक्टर अशी कल्पना केलेली नायिका, आणि ऑफिसमधले बाकीचे पुरुष तिच्याशी कसे वागतात ते खुनापेक्षा जास्त अंगावर येतं. याला 2021 ला ऐतिहासिक रहस्यकथेचं डॅगर, म्हणजे क्राइम पुस्तकांचं ब्रिटनमधलं बक्षीस, मिळालं होतं. मालिका आहे, म्हणजे आवडलं तर पुढे बरंच आहे.

काय टाळायचं तेही सांगते. स्वीडन-नॉर्वेचं जे थंड अंधारं क्राइम आहे त्यात स्टीग लार्सनपासून पुढे बायकांवरच्या अत्याचाराची वर्णनं बरीच येतात, हेतू चांगला असला तरी. आणि 2025 ला अनुवादाचं डॅगर मिळवणारं अकिरा ओतानीचं 'द नाइट ऑफ बाबा यागा' हे दोन बायकांच्या नात्याचं भारी पुस्तक आहे, पण याकुझा टोळीत घडतं आणि पहिल्या पानापासून हाणामारी आहे. तुम्हाला नको. वरच्या कंटाळलेल्या काकांना चालेल.

प्रश्न: मालिकेतलं नवीन पुस्तक आलं की सगळे बोलायला लागतात आणि मी कधीच त्यात नसतो कारण मला पहिल्यापासून वाचायचं असतं आणि आठ-नऊ पुस्तकं बघून दम निघून जातो. मध्येच सुरू केलं तर चालतं का? मी मागे एक मध्येच घेतलं होतं, कोण कोणाचा कोण तेच कळेना, साठाव्या पानावर ठेवून दिलं.
– नववा भाग हातात घेतलेला

उत्तर: हे मालिकेवर आहे. काही मालिकांत फक्त केस बदलते, माणूस तोच राहतो, त्या कुठूनही वाचा. अगाथा ख्रिस्तीचा डिटेक्टिव्ह पॉयरो कुठूनही वाचता येतो, एक 'कर्टन' सोडून. ते ख्रिस्तीने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लिहून तिजोरीत ठेवून दिलं होतं, छापलं 1975 ला, आणि तेव्हा न्यूयॉर्क टाइम्सने पहिल्या पानावर पॉयरोची मृत्यूची बातमी छापली होती, कल्पित माणसाची! तर ते शेवटी.

दुसऱ्या मालिकांत केस हे निमित्त असतं आणि माणसांचं आयुष्य पुढे सरकत असतं. रॉबर्ट गॅल्ब्रेथ या नावाने हॅरी पॉटरवाल्या रोलिंगबाई लिहितात ती स्ट्राइकची मालिका तशी. आठवं 'द हॉलमार्क्ड मॅन' सप्टेंबर 2025 ला आलं, ते मध्येच घेतलंत तर नऊशे पानं एक पुरुष आणि एक बाई एकमेकांना काहीतरी सांगणार सांगणार करतायत आणि सांगत नाहीत एवढंच दिसेल. पहिल्यापासून वाचणाऱ्यांचा मात्र त्यातच जीव अडकलेला असतो. जाड पुस्तकं आहेत, मला तरी शेवटची दोन-तीन कापायला हवी होती असं वाटतं, पण सोडवत नाहीत.

तुमच्या हातात नववा भाग म्हणजे मला संशय आहे की मिक हेरनचं 'क्लाउन टाउन' असणार, तेही 2025 चंच, स्लाउ हाउसच्या मालिकेतलं नववं. चुका करून बाजूला टाकलेले गुप्तहेर, एका मोडक्या ऑफिसात कंटाळवाणी कामं करत बसलेले, आणि त्यांचा घाणेरडा, पादरा, अतिशय हुशार बॉस. यात मध्येच शिरायचं नाही. का सांगू, हा लेखक माणसं मारतो. मुख्य माणसं. नववा आधी वाचलात तर मागच्या आठांत कोण वाचणार आणि कोण नाही ते कळून बसेल. पहिलं 'स्लो हॉर्सेस' 2010 चं, तेव्हा फारसं कोणी विकतही घेतलं नव्हतं, आता बघा. पहिलं घ्या, सुरुवातीची तीसेक पानं जरा हळू आहेत, त्यापुढे तुम्हीच थांबणार नाही.

पण तुमचा खरा प्रॉब्लेम दमाचा आहे, म्हणून दोन उपाय. एक, मोठ्या लेखकाने नवीन माणूस आणला की तिथे उडी मारायची. मायकल कॉनेलीचा हॅरी बॉश 1992 पासून चाललाय आणि तो पुस्तकागणिक खरंच म्हातारा होत जातो, ते गाठणं तुम्हाला या जन्मी जमणार नाही. पण 2025 ला त्याने 'नाइटशेड'मध्ये स्टिलवेल नावाचा नवा डिटेक्टिव्ह आणलाय, कॅटालिना बेटावर बदली केलेला, मागचं काहीच माहीत असायची गरज नाही. त्याच वर्षीचं त्याचं 'द प्रूव्हिंग ग्राउंड' हे मिकी हॅलर वकिलाचं आहे, एका एआय कंपनीवर खटला, चॅटबॉटने एका पोराच्या डोक्यात खुनाचं भरवलं म्हणून. कोर्टातलं वाचायला आवडत असेल तर तेही मध्येच चालून जाईल.

दोन, संपलेली मालिका घ्यायची. स्वीडनचं जोडपं होतं, शोवाल आणि वालू, त्यांनी ठरवून दहाच पुस्तकं लिहिली, 1965 ते 1975, वर्षाला साधारण एक, मार्टिन बेक नावाच्या पोलिसावर. बारीक पुस्तकं आहेत. पोलीस म्हणजे थकलेला, पोट बिघडलेला, घरी पटत नसलेला माणूस, हे चित्र रूढ करण्यात यांचा मोठा हात आहे. दहा संपली की संपली, कोणी नवीन काढणार नाही, कोणी तुमच्या पुढे जाणार नाही.

प्रश्न: ताई मी कॉलेजला आहे, मला एकदम फास्ट पाहिजे, म्हणजे सिरीज बघतोय असं वाटलं पाहिजे, वर्णनं आली की मी स्किप करतो. फ्रीडा मॅकफॅडनची सगळी वाचून झाली. आता काय?

उत्तर: सगळी? बाईंनी लिहिलीत किती आणि तू वाचलीस कधी! ठीक आहे, ती भराभर जातात, प्रकरण छोटं, शेवटी एक लटकवणारं वाक्य, पुढचं प्रकरण, मीही एका बैठकीत 'द हाउसमेड' संपवलंय आणि आठवड्याने नावं विसरलेय. वाईट नाहीत, पण तुला आता त्याच वेगात जाणारं आणि नंतर लक्षात राहणारं काहीतरी देते.

एस. ए. कॉस्बी. अमेरिकेतल्या व्हर्जिनियाचा लेखक, तिथल्याच छोट्या गावांतल्या काळ्या माणसांबद्दल लिहितो. सुरुवात 'ब्लॅकटॉप वेस्टलँड'ने कर, 2020 चं. एक गॅरेजवाला, पूर्वी दरोड्याच्या गाड्या चालवायचा, ते सोडून दिलंय, पण पैसे संपलेत आणि एक शेवटचं काम येतं. गोष्ट जुनीच आहे रे, शेवटचं काम कधी शेवटचं नसतं, पण त्या गाडीच्या पाठलागाची प्रकरणं वाचताना तू स्किप करून दाखव मला. ते आवडलं तर मग 2025 चं 'किंग ऑफ अ‍ॅशेस'. मोठा भाऊ शहरात पैसा कमावून बसलेला, वडील अपघातानंतर कोमात म्हणून घरी येतो, धाकट्याने गुंडांचं कर्ज करून ठेवलंय, आणि घरचा धंदा आहे प्रेतं जाळायचा. आता कर्ज, गुंड आणि घरची भट्टी, पुढे कशाकडे जाणार ते तुला कळलंच असेल, तरी कसं जातं ते बघण्यासारखं आहे. हे मात्र रक्तबंबाळ आहे, वरच्या पहिल्या प्रकरणात थांबलेल्या ताईंना देऊ नकोस.

आणि डॅन ब्राउन राहिला असेल तर त्याचा नायक लँगडन आठ वर्षांनी परत आलाय, 'द सीक्रेट ऑफ सीक्रेट्स', सप्टेंबर 2025, या वेळी प्राग. वेग आहेच. वर्णनंही आहेत, पण त्याची स्किप केलीस तरी काही बिघडत नाही.

प्रश्न: पुढे काय येणार आहे ते आधीच कसं कळतं? आणि चांगलं निघेल की नाही याचा अंदाज कसा बांधायचा? दर वर्षी त्या 'सर्वात प्रतीक्षित' याद्या येतात, त्यातली मी चार घेतली, चारही अर्धवट.

उत्तर: त्या याद्या बनतात तेव्हा बहुतेक पुस्तकं यादी करणाऱ्यांनीही वाचलेली नसतात, प्रकाशकाने पाठवलेलं दोन ओळींचं वर्णन असतं, बस. मोठी प्रकाशनं सहा-आठ महिने आधी जाहीर करतात, त्यामुळे काय येणार ते कळणं सोपं आहे, लेखकाची साइट बघितली तरी कळतं. चांगलं निघेल का हा वेगळा प्रश्न.

मी काय करते सांगते. कव्हरवर 'नवं गॉन गर्ल' असं लिहिलं असेल तर ठेवून देते, ज्याला स्वतःची ओळख नाही त्याला उसनं नाव लागतं. बक्षीस कोणाला मिळालं यापेक्षा यादीत कोण कोण होतं ते बघते. ब्रिटनचे डॅगर आहेत, 1955 पासूनचे, अमेरिकेचे एडगर आहेत, तेही दुसऱ्या महायुद्धानंतर लगेच सुरू झालेले, आणि या दोन्हीकडे पहिल्या कादंबरीचा वेगळा विभाग असतो. त्या विभागातली नावं लिहून ठेवायची. आज ज्याचं पहिलं पुस्तक यादीत आहे त्याचं तिसरं पुस्तक भारी निघायची शक्यता जास्त, आणि वाट बघायची तर अशांची बघा, तिसाव्या पुस्तकावर असलेल्या प्रसिद्ध माणसाची नव्हे. त्याला आता संपादक हात लावत नाही, जाडीवरूनच दिसतं.

आणि 'नवीन' या शब्दात फार अडकू नका. सेइशी योकोमिझोचं 'द होन्जिन मर्डर्स' 1946 चं आहे, इंग्रजीत आलं 2019 ला. त्र्याहत्तर वर्षांनी! बाहेर बर्फ, बर्फावर कोणाचं पाऊल नाही, आत लग्नाच्या रात्रीच नवरा-नवरी मेलेले. ज्या वर्षी मी ते वाचलं त्या वर्षीचं ते माझ्यासाठी सगळ्यात नवं पुस्तक होतं. वर सांगितलेलं डेकॅगॉनही मूळ 1987 चं आणि इंग्रजीत 2015 चं. म्हणजे तुम्ही ज्याची वाट बघाल ते पुस्तक कदाचित तुमच्या जन्माआधीच लिहून झालंय आणि कुठल्यातरी अनुवादकाच्या टेबलावर पडलंय. म्हणून मी हल्ली लेखकांसारखी अनुवादकांची नावंही लक्षात ठेवते. एखाद्याने दोन चांगली निवडली की तिसरं डोळे झाकून घ्यायचं.

प्रश्न: माझ्या यजमानांना एक खोड आहे. मी पुस्तक हातात घेतलं की ते गुपचूप शेवट वाचतात आणि ऐन रंगात आले की खुन्याचं नाव सांगून टाकतात. गेल्या वर्षात मी तीन पुस्तकं अशी सोडली. काय करू?
– वैतागलेली

उत्तर: ताई, तुम्ही सोडलेली नाहीत, ती तुमच्याकडून काढून घेतलीत. त्यांना 'सस्पेक्ट एक्स' द्या, त्याचा शेवट सुरुवात वाचल्याशिवाय कळतच नाही. बसू देत डोकं खाजवत.

माझं सांगते. एकदा लायब्ररीतून एक जुनी रहस्यकथा आणली होती, पहिल्याच पानावर कोणीतरी पेन्सिलने लिहून ठेवलेलं, 'डॉक्टरने केलं'. इतका संताप झाला की काय सांगू. परत करायला जाणं जिवावर आलं म्हणून तशीच वाचली, सगळं लक्ष त्या डॉक्टरवर, त्याचं हसणं संशयास्पद, त्याची बॅग संशयास्पद, बाकी कोण काय करतंय तिकडे बघितलंच नाही. आणि दीडशेव्या पानाच्या आसपास डॉक्टरचाच खून झाला.

खोडरबर होतं माझ्याकडे. पण मी ते पान तसंच ठेवलं आणि पुस्तक परत करून आले.